पान लागलं तेव्हा साठा निरंक होता

औषधांच्या मागणीपत्रावर, खरेदीच्या फायलीवर आणि साठ्याच्या अहवालावर सह्या करणाऱ्या, जिल्ह्याच्या भांडारापासून मंत्रालयापर्यंतच्या सर्व अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना,

स. न. वि. वि.

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होते. ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. गावात मला अजून ‘गोळ्यावाल्या बाई’ म्हणतात, त्यात मला कमीपणा वाटत नाही. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्र कुणी पुरतं वाचायच्या आत माझ्या खुर्चीवर आज बसलेल्या मुलाला ‘कारणे दाखवा’ निघेल, आणि त्याची यात काडीची चूक नाही. वाशिष्ठी आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या मधला एक तालुका, एवढा पत्ता पुरे.

गेल्या भातकापणीत माझ्या धाकट्या जावेला पान लागलं. बाहेरून बदलून आलेल्या साहेबांसाठी सांगते, जुनी माणसं तिन्हीसांजेला ‘साप चावला’ असं तोंडाने उच्चारत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. ती भारे उचलून उडवीकडे नेत होती. शेवटचे दोन-तीन राहिले होते. त्यातल्या एकाखाली घोणस होती. दिराने जनावर डोळ्यांनी पाहिलं, अंगावरच्या साखळीसारख्या ठिपक्यांवरून ओळखलं. भगताकडे नेऊ असं कुणी म्हणालं नाही. कुणी ब्लेड लावलं नाही, दोरी आवळली नाही. पाय हलवू नका, लाकडाची पट्टी बांधा, सरळ दवाखाना गाठा, हे मी ३१ वर्षं घरोघर सांगत आले होते, आणि निदान माझ्या घरच्यांनी तरी ते ऐकलं. शेजाऱ्याच्या रिक्षातून पावणेसातला ती केंद्रातल्या टेबलावर होती. लोकांनी करायचं ते सगळं लोकांनी केलं होतं.

डॉक्टर हजर होते. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा पत्रांत डॉक्टरांना झोडपायची पद्धत पडली आहे. बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेला कोवळा मुलगा, पण डोकं शांत. त्याने काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतलं, स्टॅण्डला लावलं आणि घड्याळ बघत बसला. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, आणि ते ओळखायला या नळीपेक्षा महाग यंत्र लागत नाही. मग त्याने फ्रीज उघडला. उपचाराच्या नियमाप्रमाणे सर्पविषावरच्या प्रतिविषाचा, म्हणजे आम्ही ज्याला एएसव्ही म्हणतो त्याचा, पहिला डोस आठ ते दहा व्हायलचा, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्यांचा, असतो. फ्रीजमध्ये तीन होत्या.

तीन दिल्या. १०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन निघाली होती, ती ५० मिनिटांनी आली. मधल्या वेळात मी ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सहा आहेत, तुमच्यासाठी बाजूला ठेवते.” ठेवल्या. रात्री सव्वानऊला त्या सहाही जावेच्या शिरेतून गेल्या. त्या रात्री तिथे दुसरा पेशंट आला नाही. आला असता, एखाद्या आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार आला असता, ज्याच्या ओळखीचं त्या इमारतीत कुणीच नाही, तर काय झालं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही.

सहा तासांनी नळी पुन्हा लावायची असते. मध्यरात्र उलटल्यावर लावली. रक्त अजूनही गोठत नव्हतं, दुसरा डोस लागणार होता, आणि आता त्या रुग्णालयाचा साठा निरंक, म्हणजे शून्य, होता. दोन वाजता आम्ही घाट चढायला लागलो. पहाटे साडेपाचला वरच्या रुग्णालयात दुसरा डोस सुरू झाला तोवर तिची लघवी बंद झाली होती. पुढे नऊ वेळा डायलिसिस. ती वाचली. आता चुलीपुरती उठते, शेतात उतरत नाही, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये बसते. औषधाला एक पैसा पडला नाही, हे खरंच आहे. गाडी, बाहेरच्या तपासण्या, वर राहणाऱ्यांचं जेवणखाण आणि दिराचे दोन महिन्यांचे बुडालेले रोज यांत तिच्या दोन पाटल्या गेल्या.

आता माझ्या तक्रारी.

त्या रात्रीच्या साठ्याच्या अहवालात काय दिसलं असेल ते मला पाठ आहे, कारण तसले अहवाल मीच वर्षानुवर्षं भरले. आमच्या केंद्रापुढे ‘३’. तीन म्हणजे निरंक नव्हे, त्यामुळे कुठल्याच कोष्टकात लाल रंग चढला नसणार. जिल्ह्याच्या बेरजेत हे तीन, ग्रामीण रुग्णालयाचे सहा, भांडारातल्या पेट्या, सगळे एकत्र झाले असणार आणि खाली एक चांगला गुबगुबीत आकडा आला असणार. मग कुणी विचारलं की उत्तर तयार: जिल्ह्यात पुरेसा साठा उपलब्ध आहे. साहेब, साप जिल्ह्याला चावत नाही. एकटा रत्नागिरी जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर लांब आहे, मध्ये खाड्या, आणि महामार्गाचं काम तर एक पिढी शाळेत जाऊन बाहेर पडली तरी चालूच. एका माणसाच्या पहिल्या डोसलाही न पुरणारं औषध ‘उपलब्ध’ म्हणून मोजलं जातं, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार करताना मला स्वतःचंही नाव त्यात घालावं लागतं.

माझ्या नोकरीच्या मधल्या काळात एका वर्षी आमच्याकडे एएसव्हीच्या २२ व्हायल मुदतबाह्य झाल्या. त्या वर्षी दंश कमी झाले, एवढंच कारण. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. शासकीय रकमेचा अपव्यय, जबाबदारी निश्चित करावी, वसुली प्रस्तावित करावी. खुलासा, त्यावर शेरा, पुन्हा खुलासा, असं दोन वर्षं चाललं. अखेरीस वसुली झाली नाही, पण त्या दोन वर्षांत मी शिकायचं ते शिकले. पुढच्या मागणीपत्रात ३० च्या जागी मी १० लिहिले. कुणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही १०. त्या पावसाळ्यांपैकी एकात, श्रावणातल्या एका रात्री, मण्यार चावलेल्या एका तरुणाला आम्ही व्हायल न देता पुढे पाठवलं, कारण दोन दिवसांपूर्वी होत्या त्या संपल्या होत्या. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘संदर्भित’ लिहिलं. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. का केली नाही ते आज लिहायला सोपं जात नाही, पण ऐकायचं नव्हतं म्हणून केली नाही.

मुदत संपलेल्या व्हायलबद्दल नोटीस येते. नसलेल्या व्हायलबद्दल ३१ वर्षांत मला एकदाही नोटीस आली नाही, माझ्या ओळखीच्या कुणालाही आली नाही. मग सुज्ञ कर्मचारी काय करील? कमी मागवील. तालुक्यातला प्रत्येक फार्मासिस्ट हे जाणतो आणि एकमेकांना चहाच्या टपरीवर सांगतो. ज्या औषधाची गरज कधी लागेल ते सांगता येत नाही, त्यातलं काही वाया जाणारच. अग्निशमनाचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून त्याच्या चालकाकडून पाण्याचे पैसे कुणी वसूल करत नाही.

तिसरी तक्रार खरेदीची. २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी एका छत्राखाली आणून ती लसी-औषधं बनवणाऱ्या सरकारी हाफकिन महामंडळाकडे दिली गेली. २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण काढलं गेलं. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं: एकत्र घेतलं की स्वस्त मिळतं. ते चूक नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये असंच महामंडळ काढलं आणि ते आजही नावाजलं जातं. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना त्याच वाटेने चालवली. पण तामिळनाडूने नुसती निविदा एकत्र केली नाही. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं बांधली, प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं. आपल्या खात्यावर किती रकमेचं औषध आहे ते दवाखान्याला कळतं आणि तो गोदामातून लागेल तसं उचलतो. औषध निवडायचा अधिकार खाली, भाव ठरवायचा अधिकार वर. आपल्याकडे दर करार, म्हणजे ठरलेल्या भावाने पुरवठा करायचा करार, संपला आणि नवा झाला नाही की मधले महिने आम्ही काय करायचं? स्थानिक खरेदीची मुभा आहे, पण तिची मर्यादा, तीन कोटेशनं आणि रुग्ण कल्याण समितीची सभा यांतून जाईपर्यंत भाताच्या लोंब्या पिकून कापणी होते. शिवाय एएसव्ही हे काही बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये क्रोसिनसारखं मिळत नाही. चिठ्ठी लिहून दिली तरी नातेवाईक आणणार कुठून?

चौथी लहान आहे. आम्हाला कधी पावडरच्या व्हायल यायच्या, कधी पातळ औषधाच्या. पातळ औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी त्या फ्रीजमधलं औषध औषध राहिलं होतं की नाही, कोण सांगणार? पावडरला एवढं जपावं लागत नाही. मग कोकणात पातळ का पाठवायचं? दर दोन रुपयांनी कमी पडला असेल, दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

आणि पाचवी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने शेतकरी मेला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, मी स्वतः दोन घरांचे कागद भरून दिले आहेत. पण त्या दोन्ही वेळा अर्ज लिहिताना मनात आलं की हिशेब कुणी तरी उलट्या टोकाकडून मांडला आहे.

यावर मला जी उत्तरं मिळणार ती माहीत आहेत, म्हणून आधीच बोलते.

एक उत्तर असं की औषधं महाग, कंपन्या मोठ्या, गरीब देशांचं कोण ऐकतो. हे मला सांगू नका. मी डी. फार्मला होते तेव्हा आमचे सर १९७० चा पेटंट कायदा असा शिकवायचे की जणू तो त्यांनीच लिहिला होता. त्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळायचं नाही, बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. आपल्या कारखान्यांनी दुसऱ्या पद्धती शोधल्या आणि औषधं स्वस्त केली. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तोच उपचार दहा ते पंधरा हजार डॉलरला मिळत होता. आफ्रिकेतल्या किती घरांत त्यामुळे माणसं जगली. त्याच वर्षी दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी मान्य केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत. २००५ पासून आपल्याला औषधांवर पूर्ण पेटंट द्यावं लागलं, तरी कायद्यात ३(ड) हे कलम राहिलं. जुन्याच औषधाचं रूप थोडं बदलून नवं पेटंट मागणाऱ्यांना ते अडवतं, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकच्या खटल्यात तेच कलम उचलून धरलं. त्याआधी २०१२ मध्ये कर्करोगावरच्या एका औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीविना ते बनवायची परवानगी, दुसऱ्या कंपनीला देऊन महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आणला गेला. याचा अभिमान मला आपल्याइतकाच आहे.

पण एएसव्हीच्या वाटेत पेटंट आडवं येतच नाही. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा द्यायची, त्याच्या रक्तात तयार झालेलं प्रतिविष वेगळं काढायचं, ही विद्या १८९० च्या दशकातली आहे. फ्रान्सचा आल्बेर काल्मेत याने ती बसवली. इथे अडचण वेगळी असते. ज्यांना साप चावतो त्यांच्या खिशात पैसे नसतात, म्हणून बनवणाऱ्याला नफा नसतो. आफ्रिकेतल्या सापांवर चालणारं फाव-आफ्रिक नावाचं प्रतिविष सानोफी कंपनीने २०१४ मध्ये बनवणं थांबवलं आणि २०१६ च्या जूनमध्ये शेवटच्या साठ्याची मुदत संपली. सगळं ज्ञान हाताशी असून अर्धं खंड बिनऔषधाचं झालं. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं.

आपल्याकडे तेही निमित्त नाही. परळचं हाफकिन सरकारच्या मालकीचं आहे. त्याने पिढ्यान्‌पिढ्या एएसव्ही बनवलं आहे, त्यासाठी पिंपरीला घोडे पाळले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारांवर चालणारं एकच औषध. हे चौघंही आमच्या जांभ्या दगडाच्या गडग्यात, काजूच्या पाचोळ्यात आणि भाताच्या खाचरात आहेत. सर्पविषाचं औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत आणि त्यात हे प्राथमिक केंद्राच्या पातळीवरही असायला हवं असं लिहिलेलं आहे. कायदा आहे, कारखाना आहे, यादी आहे. माझ्या जावेच्या पायापासून व्हायलपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर तेवढे राहिले आहेत, आणि ते कुठल्या परदेशी कंपनीने अडवलेले नाहीत.

दुसरं उत्तर: लोक मांत्रिकाकडे जातात, उशिरा येतात. जातात, मी नाकारत नाही. पण मांत्रिक रात्री दोन वाजता घरी असतो आणि ‘पुढे घेऊन जा’ म्हणत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्याआधीच्या अभ्यासात असं निघालं होतं की चारांतले तीन मृत्यू रुग्णालयाच्या बाहेर होतात. हे सगळे मांत्रिकाच्या अंगणात गेले असं समजायचं का? काही रिक्षात गेले, काही दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर गेले.

तिसरं उत्तर म्हणजे खेड्यातल्या केंद्रात असले पेशंट सांभाळणं जमत नाही, रिअ‍ॅक्शन येते, धोका असतो. रिअ‍ॅक्शन येते, त्यासाठी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवायचं असतं आणि ते फार स्वस्त आहे. जमत नाही म्हणणाऱ्यांनी महाडजवळच्या बिरवाडीची आठवण ठेवावी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर होते. लाल विंचू चावलेली माणसं, पोरं, त्यांच्यासमोर फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. त्यांनी रात्र-रात्र खाटेशेजारी बसून निरीक्षणं लिहिली, १९८२ मध्ये ती लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी देऊन त्यांनी मृत्यूचं प्रमाण खाली आणून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी अभिनंदनाचे फलक लावले असतील. त्या कामाची सुरुवात एका प्राथमिक केंद्रात झाली, आणि साधी गोळी हाताशी असली की काय होतं ते त्याने दाखवलं.

एक गोष्ट मी स्वतःहून कबूल करते, कारण नाहीतर कुणी जाणकार मला अडवील. आपलं एएसव्ही परिपूर्ण नाही. त्यासाठीचं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात वेगळं असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. कोकणातल्या हिरव्या चापड्यावर तर ते चालतच नाही. म्हणजे चांगलं औषध अजून बनायचं आहे. ते बनेल तेव्हा बनेल. मी आजच्या औषधाबद्दल बोलते आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले. आमच्या केंद्रात केसपेपरचे पैसे बंद झाले त्या दिवशी म्हाताऱ्या बायका खरंच खूश होत्या, आणि मीही होते. त्या वेळेपासून एक गोष्ट मात्र खुपते आहे. पूर्वी औषध नसलं की माणूस भांडायचा, “पाच रुपये घेता आणि औषध नाही?” आता तो भांडत नाही. फुकटातल्या गोष्टीवर भांडायची लाज वाटते माणसाला. मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या जागी दहा दिवसांच्या मिळाल्या तरी पिशवीत घालून निघून जातो.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे. त्याला धरूनच माझ्या मागण्या आहेत, आणि त्यांतली एकही नवी इमारत मागत नाही.

जून ते नोव्हेंबर, म्हणजे मृगापासून कापणी उरकेपर्यंत, कोकणातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एएसव्हीच्या किमान २० व्हायल असाव्यात, दोन माणसांच्या पहिल्या डोसपुरत्या. ग्रामीण रुग्णालयात किमान ५०. व्हायल दहाच्या खाली गेल्या की अहवालात आकडा न लिहिता ‘निरंक’ लिहावं. या एका शब्दाने जिल्ह्याच्या कोष्टकाचा रंग बदलेल, आणि बदलू दे. व्हायल पावडरच्याच असाव्यात. बरोबर अ‍ॅड्रेनलिन, आणि नागाच्या दंशासाठी निओस्टिग्मीन व अ‍ॅट्रोपिन, तेही त्याच कप्प्यात.

मुदत संपायला सहा महिने राहिले की व्हायल केंद्रातून उचलून मोठ्या रुग्णालयात न्याव्यात, जिथे त्या खपतात, आणि त्याच गाडीने नव्या द्याव्यात. एवढं करूनही ज्या मुदतबाह्य होतील त्यांची जबाबदारी फार्मासिस्टवर टाकू नये, तसं लेखी परिपत्रक काढावं. लेखी म्हणते, कारण तोंडी आश्वासन लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही.

दर सोमवारी केंद्राच्या बाहेरच्या फळ्यावर पाच औषधांचा साठा खडूने लिहावा: एएसव्ही, रेबीजची लस, इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, आकडीचं औषध. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे, त्याच्या कलम ४ मध्ये अशी माहिती न मागता जाहीर करायला सांगितलंच आहे. संगणकावर साठा भरला जातोच, तो फळ्यावर उतरवायला पाच मिनिटं लागतील.

सर्पदंशाचा प्रत्येक पेशंट पुढे पाठवला की चावल्याची वेळ, केंद्रात आल्याची वेळ, पहिली व्हायल दिल्याची वेळ आणि डोस पूर्ण झाल्याची वेळ लिहावी, आणि मृत्यू झाला तर माता मृत्यूचं जसं अन्वेषण करता तसं याचंही करावं. माझ्या जावेच्या बाबतीत पहिली व्हायल आणि दुसऱ्या डोसची सुरुवात यांत दहा तासांहून जास्त अंतर पडलं. ते कुठल्याही कागदावर नाही. फक्त इथे आहे.

आज चैत्र चालू आहे. बागांतून आंबा उतरतो आहे, राखणदार झोपडीत जमिनीवर निजतात, आणि मण्यार निजलेल्या माणसालाच चावते, बऱ्याचदा त्याला कळतही नाही. नव्या वर्षाची मागणीपत्रं आत्ताच वर गेली असतील किंवा जातील. आमच्या केंद्रातल्या मुलाने त्यात किती लिहिले ते मी त्याला विचारलं नाही. पण माझा अंदाज आहे, १० लिहिले असतील.

या पत्राला उत्तर पत्रानेच द्यावं असं काही नाही. मृगाआधी आमच्या फळ्यावर खडूने आकडा दिसला तर मी तेच उत्तर समजेन. नाही दिसला तर पहिल्या सोमवारी मी आणि माझी जाऊ केंद्राच्या बाकावर येऊन बसू. तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून बाक रिकामा ठेवावा.

आपली,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी